कोयनेत बुडालेलं गाव आणि आमच्या घरातली 'थोरली': जुन्या नोंदी कुठे शोधायच्या?

शिवसागर_काठ | ४ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चूकभूल सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यात. आहे म्हणायचं की होतं, यावरून घरात अजून वाद होतात. बामणोलीहून लाँचने पलीकडे जाताना एका ठिकाणी बाबा हात करून सांगतात, "इथं. खाली." तिथे नुसतं हिरवं पाणी. कोयनेचं पाणी अडलं तेव्हा बाबा आठ-नऊ वर्षांचे होते. गाव फुटलं. काही घरं वर डोंगरात सरकली, काही सांगली-सोलापूरकडे गेली, आम्ही तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात आलो. आजोबा त्याआधीपासूनच मुंबईत, मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहायचे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुनर्वसनाच्या जमिनीचं एक प्रकरण अजून लोंबकळतंय आणि चुलत्यांनी तशी तंबी दिली आहे.

दिवाळीत वंशावळ लिहायला घेतली. पुरुषांच्या पाच पिढ्या अर्ध्या तासात झाल्या. मग बाबा म्हणाले, पणजोबांना एक थोरला भाऊ होता, "बसऱ्याच्या लढाईवर गेला तो आलाच नाही." त्याची बायको शेवटपर्यंत आमच्याच घरात राहिली. मूलबाळ नाही. बाबांना ती अंधुक आठवते. आत्या तर तिच्याच गोधडीत झोपायची. सगळे तिला 'थोरली' म्हणायचे.

तिचं नाव काय, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

वर सरकलेल्या भावकीकडे कागदांची एक पेटी होती म्हणतात. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात घरासकट गेली. आता कुठून सुरुवात करू?

---

कोतवालाचा_नातू | ४ मे, रात्री ११:०५

ताई, आजोबा कोतवाल होते, त्यामुळे हे दप्तर लहानपणापासून पाहिलंय. सांगतो.

सातबाऱ्याच्या मागे लागू नका. बुडीत गावाचा आजचा सातबारा काढलात तर पाटबंधारे खात्याचं नाव निघेल आणि शंभर रुपयांचं पेट्रोल जाईल. तुम्हाला हवाय फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. सातबाऱ्यावर नुसतं नाव दिसतं. ते कसं लागलं, आधीचा खातेदार कधी वारला, वारस कोण, हरकत कोणी घेतली, हे सगळं फेरफारात असतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे तुमच्या पणजोबांच्या वेळचं काही ना काही असायला हवं.

दुसरं, गाव नमुना १४. जन्ममृत्यूची वही. आमच्याकडे 'कोतवाल बुक' म्हणतात. जन्माच्या नोंदीत बहुतेकदा बापाचंच नाव, "अमक्यास मुलगी झाली" एवढ्यावर काम भागवलेलं. आईचा पत्ता नसतो, मुलीचंही नाव नसतं. पण मेलेल्या बाईची नोंद करताना तिचं नाव लिहावंच लागतं. थोरली गेल्या कधी?

तिसरं, भूसंपादनाचा निवाडा. धरणासाठी जमीन घेताना खातेदारनिहाय मोबदला ठरला त्याचा कागद. घर किती खणांचं, विहीर कोणाची, आंबे किती, फणस किती, सगळं मोजलेलं असतं. जिल्ह्याच्या पुनर्वसन शाखेत संकलन यादी असते, त्यात कुटुंबाची माणसं.

मेढ्याला, तहसील कचेरीत जा. सकाळी जा. जेवणाच्या सुट्टीआधी.

---

वाचनमात्र_वहिनी | ५ मे, सकाळी ८:२०

वाचतेय. आमच्याकडे 'धाकटी' होती. तिचंही नाव कोणाला माहीत नाही, हे आत्ता लक्षात आलं.

---

मोडीवेडा | ५ मे, सकाळी ९:४७

कोतवालाचा_नातू यांनी छान लिहिलंय. फक्त एक सांगतो, त्या काळातले फेरफार मोडीत असण्याची दाट शक्यता आहे, तेव्हा वहीसमोर उभं राहून काही कळलं नाही म्हणून परत येऊ नका. फोटो काढू देत असतील तर काढा, नाहीतर नक्कल मागा. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं टांगतात. शब्द तोडत नाहीत. नव्या माणसाला पान म्हणजे एक लांबलचक वेल वाटते.

शोधायचे शब्द सांगतो. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'वल्द' म्हणजे तेच. बाईसाठी 'कोम' किंवा 'भ्रतार'. "अमुक कोम तमुक" दिसलं की समजायचं, तमुकची बायको अमुक. तुम्ही 'कोम' शोधा. पुरुषांच्या रांगेत तो शब्द अडीच इंचांवरून ओळखू येतो, एवढा तो विरळा.

त्याहून जुनं काही हाती लागलं, इनामाचा किंवा वतनाचा कागद वगैरे, तर सन अरबीत असतो. उदाहरणार्थ 'सलास सबैन मया व अलफ'. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७३. त्यात ५९९ मिळवा, १७७२-७३ साल. मृगाला वर्ष बदलतं, म्हणून मृगानंतर ५९९ आणि जानेवारीनंतर मृगापर्यंत ६००. फसली सनाला ५९० आणि ५९१. शकाला ७८ सगळ्यांना माहीतच आहे.

---

सह्याद्रीचा_छावा | ५ मे, दुपारी १:१५

जावळी म्हटलं की चंद्रराव मोरे!! १६५६ साली महाराजांनी जावळी घेतली. ताई, तुमचं आडनाव काय? तुम्ही मूळचे राजस्थानातून आलेले असणार. कुलदैवत आणि देवक सांगा, मी तुमचं मूळ कूळ सांगतो.

---

झुंजुमुंजू | ५ मे, दुपारी १:४०

छावाभाऊ, महाराष्ट्रातला प्रत्येक माणूस राजस्थानातून आला असेल तर इथे आधी कोण राहत होतं? :)

अवांतराबद्दल माफी. पण खरंच, वंशावळी शोधणाऱ्यांची ही गंमत आहे. सगळ्यांना सरदार पूर्वज हवा असतो. नाचणी-वरीची कुमरी करून डोंगर जाळणारा, भादव्यात उपाशी राहणारा पूर्वज कोणालाच नको. ताई निदान एका बाईचं नाव शोधतायत, ते मला फार आवडलं.

---

पाटणखोरे | ५ मे, दुपारी २:०२

देवक-कुळावरून आठवलं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमल्यापासून सगळ्या कचेऱ्यांत जुनी दप्तरं बाहेर निघालीत, मोडी वाचणाऱ्यांना चांगले दिवस आलेत. कुणबी नोंद सापडली तर

---

संपादक | ५ मे, दुपारी २:३०

आरक्षणावर वेगळा धागा आहे, ती चर्चा कृपया तिकडे. वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे. जुनी दप्तरं बाहेर निघाली आहेत ही माहिती या धाग्यासाठी उपयोगी आहे, तेवढी राहू दिली.

---

थेम्सकाठी | ५ मे, रात्री ११:५८

'बसरा' वाचून राहवलं नाही. पहिल्या महायुद्धात पूना डिव्हिजन इराकमध्ये होती आणि तीत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. कूत-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. वेढ्यात मेले त्यांच्याइतकेच हाल नंतर तुर्कांच्या कैदेत गेलेल्यांचे झाले. आपल्याकडे गावोगावी याला सरसकट 'बसऱ्याची लढाई' म्हणतात, कारण पलटणी उतरायच्या बसऱ्याच्या बंदरात.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (CWGC) संकेतस्थळावर मृत सैनिकांची यादी आहे आणि ती फुकट शोधता येते. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे. गंमत बघा, दगडावर गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा. त्यांची नावं नोंदवहीत. म्हणजे फोटो बघून नाव नाही असं समजू नका.

आडनाव आणि पणज्याच्या वडिलांचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शोधताना जावळीचं इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी करून बघावं लागतं. त्या काळच्या कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलंय.

---

शिवसागर_काठ | ६ मे, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. थेम्सकाठी, व्यनि केलाय.

थोरली कधी गेली हे ठरवायला आत्याला बसवलं. आत्याच्या जन्माचं सालच पक्कं नाही. शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, पण १ जून कोणाच्या दाखल्यावर नाही? बाबांचाही १ जून, काकांचाही १ जून. गुरुजींनी अख्ख्या वर्गाला एका दिवशी जन्माला घातलं. तेव्हा साल विचारणं सोडून दिलं आणि "तेव्हा काय चाललं होतं" असं विचारत गेले.

आत्या म्हणाली, थोरली सांगायची, मी नहाण आलं नव्हतं तेव्हा या घरात आले. हे लढाईला गेले तेव्हा मी सोळाची असेन. मानमोडीच्या साली मी माहेरी गेले आणि परत आले. गांधीबाबाला मारलं तेव्हा आत्या रांगत होती आणि थोरलीचे केस पांढरे होते. धरणाच्या लोकांनी घरांवर आकडे रंगवले तेव्हा ती नव्हती. मानमोडी म्हणजे १९१८ ची साथ, हे मला इथल्याच एका जुन्या धाग्यावरून माहीत होतं. म्हणजे जन्म १८९८-१९०० च्या आसपास, मृत्यू १९५५ ते ६० मध्ये.

---

येरळाकाठ | ७ मे, सकाळी ७:१०

आमच्याकडं तासगाव भागात हेळवी येतो बघा. बैलावर बसून यायचा, आता मोटरसायकलवर येतो. सुगी झाली की दारात. ठरलेली घरं असत्यात त्यांची, दुसऱ्याच्या घरी जायचा न्हाई. वही काढून खापरपणज्यापास्नं म्हणत सुटतो, कुठनं आलासा, कुणी कुठली जमीन घेतली, कुणाला किती प्वारं. हेळवी म्हंजे कन्नडात पांगळा. बैलावरनं खाली उतरायचं न्हाई म्हणून तसं नाव, असं आमची म्हातारी सांगायची.

पण ताई, हेळव्याच्या वहीत बी निपुत्रिक बाई न्हाई सापडायची. त्येला पुढं म्हणायला कायच नसतं की. मी गेल्या साली इच्यारलं, आमची एक चुलतआजी अशीच हुती. त्यो म्हणला, "फांदी थांबली, तितं माझी वही थांबली."

---

शिवसागर_काठ | ७ मे, सकाळी ९:०५

@येरळाकाठ दादा, आमच्या घरी हेळवी येत असल्याचं कोणी सांगत नाही. पण तो जे बोलला ते आत्याला वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही.

---

गिरणगावकर_तिसरा_मजला | ७ मे, रात्री १०:४४

तुमचे आजोबा मुंबईत होते म्हणालात, मग इकडेही शोधा. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडच्या गावांच्या मुंबईत गावकीच्या खोल्या असायच्या. एका दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस गडी, पाळीपाळीने झोपायचे, पेट्या भिंतीला एकावर एक. प्रत्येक गावाचं मंडळ आणि मंडळाची वही. वर्गणी कोणी दिली, कोणाची थकली, कोण भावकीतून कोणाच्या ओळखीवर आला. गाव पाण्याखाली गेलं तरी खोली राहिली होती. आमच्या मंडळाची १९४० च्या दशकापासूनची वही आहे, अक्षर एकाहून एक. १९८२ च्या संपानंतर खोल्या विकल्या गेल्या, तेव्हा बऱ्याच वह्या रद्दीत गेल्या. तरी मंडळाच्या जुन्या खजिनदाराच्या घरी माळ्यावर विचारून बघा. खजिनदार वही टाकत नाही. त्याला कायम भीती असते, कोणीतरी हिशोब मागेल.

बायकांची नावं मात्र तिथेही सापडणार नाहीत. एक सोडून. मनीऑर्डर! काहीजण आईच्या किंवा बायकोच्या नावाने मनीऑर्डर करायचे आणि ज्याला लिहिता येत नसे त्याची मंडळाचा सेक्रेटरी लिहायचा.

---

झुंजुमुंजू | ८ मे, सकाळी ६:१५

मी आजी-मावशींच्या मुलाखती घेते, हौस म्हणून. दोन गोष्टी सांगते.

म्हाताऱ्या माणसाला "वंशावळ सांग" म्हणू नका. तो शब्द ऐकला की त्या पदर सावरून सरळ बसतात आणि पुरुषांनी सांगितलेलंच परत सांगतात. जातं कुठल्या खोलीत होतं ते विचारा. पहिली भाकरी कोणाला वाढायचे, पाणी कुठून आणायचे, बाळंतपणाला कोणाला बोलवायचे ते विचारा. आणि गाव मांडायला सांगा. कागदावर नको. परातीत चिंचोके घ्या, एक चिंचोका म्हणजे एक घर.

दुसरं, ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, गाणारीच्या नावासकट आणि गावासकट. त्या आत्यांना ऐकवा. दुसरीची ओवी ऐकली की स्वतःची आठवते, हा माझा अनुभव आहे.

---

थेम्सकाठी | ९ मे, पहाटे ३:२०

ताई, सापडलं बहुतेक. तुमच्या आडनावाचे तीन शिपाई सातारा जिल्ह्यातले. एकाच्या वडिलांचं नाव तुम्ही दिलंय तेच आहे आणि तालुक्याच्या जागी जावळीचं एक अचाट स्पेलिंग. पलटण ११० वी. मृत्यूची तारीख शरणागतीनंतरची आहे. म्हणजे वेढ्यात नाही, कैदेत गेले.

काही नोंदींत "अमुकचा नवरा" असंही लिहिलेलं असतं, त्यात बाईचं नाव येतं. या नोंदीत फक्त बापाचं नाव आहे. सॉरी.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तिथे पत्र टाकून बघा. ११० वी पलटण १९२२ मध्ये या रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली.

---

शिवसागर_काठ | ९ मे, रात्री १०:५०

थेम्सकाठी, सॉरी कशाला. बाबांना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे खरंच गेला होता." घरात शंभर वर्षं एक दबका संशय होता की तो लढाईवरून पळून दुसरीकडे संसार थाटून राहिला. थोरलीसमोर कोणी बोलायचं नाही, पण होता.

झुंजुमुंजू, तुमची युक्ती केली. परात घेतली, चिंचोके नव्हते म्हणून हरभरे. आत्याने आधी नदी आखली, उपरण्याने. मग देऊळ म्हणून लसणाची पाकळी. मग एकेक घर. त्रेचाळीस हरभरे झाले! बाबा मध्येच "ते घर खालच्या आळीला" म्हणाले तर आत्याने त्यांचा हात झटकला. शेतांची नावं सांगत गेली, आंब्याचा माळ, वरंडा, भुताचा टेप. सगळं रेकॉर्ड केलंय.

आणि ओव्या ऐकवल्या. तिसऱ्या-चौथ्या ओवीला आत्या स्वतः म्हणायला लागली. थोरली दळताना म्हणायची ती:

समिंदराच्या पल्याड गं बसऱ्याची वस्ती
कागूद येईना, माझी वाट बघू किती

आत्याला वाटायचं बसरा हे सासरच्या कुठल्यातरी वाडीचं नाव आहे.

---

वाचनमात्र_वहिनी | १० मे, सकाळी ८:०२

:(

---

कोतवालाचा_नातू | १० मे, सकाळी १०:३०

आता कळलं का, थोरली कागदात कुठेच का सापडत नाहीत? एकत्र कुटुंबात भाऊ निपुत्रिक वारला की त्याचा हिस्सा उरलेल्या भावांकडे जायचा. विधवेला फक्त अन्नवस्त्र. १९३७ च्या कायद्याआधी तिला नवऱ्याच्या हिश्श्यावर बोट ठेवता येत नव्हतं. म्हणून ती वारस म्हणून लागणारच नाही. पण कधीकधी 'इतर हक्क' या रकान्यात अन्नवस्त्राचा बोजा टाकलेला असतो. विशेषतः माहेरचं कोणी खमकं असेल आणि तलाठ्यासमोर येऊन उभं राहिलं असेल तर.

फेरफार मागताना १९१६ नंतरची दहा वर्षं मागा. नुसतं "जुने फेरफार" म्हणू नका. आणि वहीच्या शेवटच्या रकान्यात बघा.

---

शिवसागर_काठ | १४ मे, रात्री ११:२०

दोन दिवस रजा टाकून गेले होते. मृत्यूची वही जिथे असायला हवी असं सांगितलं, त्या दोन्ही कचेऱ्यांत १९५५ ते ६० ची नाही. एका ठिकाणी सांगितलं वाळवी, दुसऱ्या ठिकाणी सांगितलं पहिल्या ठिकाणी विचारा. फेरफारासाठी अर्ज केलाय, पंधरा दिवसांनी या म्हणाले.

येताना वर सरकलेल्या भावकीकडे मुक्काम केला. मे महिना, पाणी बरंच खाली गेलंय. उघड्या पडलेल्या चिखलात जोत्यांचे दगड दिसतात, रांगेत. बाबा काठापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मी म्हटलं, जाऊया का पुढे. नको म्हणाले, पाय रुततो.

आता खरी बातमी. चुलतकाकूंच्या पडवीत एक तांब्याचा हंडा आहे, आता त्यात कोंबड्यांचं खाद्य असतं. काकू सहज म्हणाल्या, हा थोरलीचा. गाव सोडताना आमच्या आजोबांनी वजनाला नको म्हणून यांच्याकडे ठेवला. मी चिंच-मीठ लावून घासला. गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं निघालं. वाचताना हात थरथरत होता.

एका पुरुषाचं पूर्ण नाव. गावाचं नाव. शके १८४०.

भाऊ! तिच्या भावाने दिलेला हंडा, त्यावर भावाचं नाव, भावाचं गाव. जिला दिला तिचं नाव नाही. मी तिथे शेणाच्या अंगणात बसून हसत सुटले, काकूंना वाटलं ऊन लागलं.

---

मोडीवेडा | १५ मे, सकाळी ७:५५

शके १८४० म्हणजे १९१८-१९. मानमोडी.

---

शिवसागर_काठ | १५ मे, सकाळी ८:१०

हो. आत्याला विचारलं. म्हणाली, मानमोडीत तिच्या माहेरची माणसं धडाधड गेली म्हणून ती गेली होती, भावाने महिनाभराने हंडा देऊन परत पाठवली.

---

झुंजुमुंजू | १५ मे, सकाळी ८:४०

परत पाठवली, की परत आली? हे आत्यांना विचारलंत का? माझ्या आजीच्या तोंडी या दोन्हीत फार फरक असायचा. आणि रिकाम्या हाताने न पाठवता भावाने तांब्याचा हंडा दिला, स्वतःचं नाव घालून दिला. सासरच्यांनी विसरू नये की हिच्या मागे कोणीतरी आहे, म्हणूनही असेल.

---

पाटणखोरे | १५ मे, दुपारी १२:१५

हंड्यावरचं गाव पाटण तालुक्यातलं असेल तर सांगा, त्या बाजूला माझे पाहुणे आहेत. पण एकाच नावाची गावं शेजारशेजारच्या तालुक्यांत असतात, खात्री करा. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने छापलेले अडीच लाख प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत, धरणाच्या आधीचे. नदी नदीसारखी दिसते त्यात. मी तासभर बघत बसलो होतो.

---

शिवसागर_काठ | २ जून, रात्री ९:४५

नक्कल मिळाली. मोडीत आहे. फोटो मोडीवेडा यांना पाठवलाय. मला फक्त शेवटच्या रकान्यात एक शब्द ओळखू आला, दोन अक्षरांचा, तुम्ही सांगितलेला.

---

मोडीवेडा | २ जून, रात्री ११:३०

'कोम'च आहे. फेरफार १९२१ चा. मजकूर असा: मयत खातेदार लढाईवर मयत झालेबद्दल पाटलाचा जबाब, पोटी संतती नाही, सबब धाकट्या भावाचे नाव दाखल. त्याखाली इतर हक्कात: मयताची विधवा, हिचे नाव, कोम मयताचे नाव, हीस अन्नवस्त्र व राहणेस घराचा पूर्वेकडील खण. आणि खाली, हे वाचून मी खुर्चीतून उठलो, हजर इसमांत एक नाव. हंड्यावरचं.

भाऊ आला होता ताई. तलाठ्यापुढे.

तिचं नाव तीन अक्षरी आहे. मधल्या अक्षरावर शाई फुटलीय, पण मला शंका नाही. इथे लिहीत नाही, व्यनि पाहा.

---

शिवसागर_काठ | ३ जून, सकाळी ७:३०

पाहिला. रात्रभर झोप नाही.

सकाळी आत्याला फोन केला आणि नाव सांगितलं. ती म्हणाली, "असंल. आमाला थोरलीच." मग थोड्या वेळाने तिचाच परत फोन. पूर्वेकडचा खण म्हणजे जात्याची खोली, ती तिथेच झोपायची, असं सांगायला.

हंडा काकूंनी दिला. कोंबड्यांसाठी त्यांना प्लास्टिकचा डबा आणून दिलाय.

---

वाचनमात्र_वहिनी | ३ जून, सकाळी ९:००

आमच्या 'धाकटी'साठी मीही अर्ज करतेय. तालुका खटाव. फेरफार मागताना सर्व्हे नंबर लागतो का? आमच्याकडे फक्त आताचा गट नंबर आहे.

---

कोतवालाचा_नातू | ३ जून, सकाळी ९:२५

लागतो. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर बदलून गट नंबर पडले, त्यामुळे गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर आधी काढून घ्या. जुना-नवा नंबर असा तक्ता असतो, भूमी अभिलेख कार्यालयात मागा. आणि वहिनी, सकाळी जा.